युरिया आणि रानातला पालापाचोळा

गटाच्या बैठकीत कंपोस्टचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "ताई, ढिगावर दोन ओंजळी युरिया टाका, लवकर कुजतं." हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायचं तर रानातल्या पाचोळ्याकडे पाहावं लागेल.

आपल्या बुलडाणा जिल्ह्याचं रान पानगळीचं. साग, पळस, धावडा, अंजन, सालई ही झाडं उन्हाळ्याआधी पानं टाकतात. पाऊस पडला की त्या पाचोळ्यावर जिवाणू, बुरशी, वाळवी, पैसा-किडे तुटून पडतात. पानात दोन तऱ्हेचा माल असतो. एक मऊ, म्हणजे साखर आणि पिष्ट. तो पटकन संपतो. दुसरा चिवट, पानाच्या शिरांना आणि लाकडाला ताठपणा देणारा. त्याला लिग्निन म्हणतात. पाचोळ्याची जाळीदार शीर शेवटपर्यंत उरते ती याच्यामुळेच. लिग्निन फोडणं प्रामुख्याने बुरशीचं काम. ओला पाचोळा उकरला की खाली पांढरे धागे दिसतात ना, तीच ती.

आता नत्र, म्हणजे नायट्रोजन. सुकल्या पानात नत्र फार थोडं असतं, म्हणून सुरुवातीला वरून नत्र मिळालं की जिवाणू जोमाने कामाला लागतात. ढीग गरम होतो, खाली बसतो. आपल्याला वाटतं, झालं काम! पण चिवट भागाची वेळ आली की उलटं होतं. बुरशी लिग्निन फोडते ती बऱ्याचदा त्याच्या आत अडकलेल्या नत्रासाठी. ते बाहेरच आयतं मिळालं तर ती फोडाफोड कशाला करील? डब्यात सोललेले दाणे असताना शेंगा कोण फोडत बसतं! लिग्निन तोडणारा रस बुरशी कमी सोडते. शिवाय जादा नत्र उरलेल्या चिवट भागाला चिकटून त्याला आणखी टणक करतं.

अमेरिकेत हार्वर्ड फॉरेस्ट नावाच्या जंगलात १९८८ पासून हा प्रयोग चालला. काही तुकड्यांना दरवर्षी हेक्टरी १५० किलो नत्र दिलं. आपल्या हिशोबात ते एकरी साधारण तीन पोती युरियाइतकं. तिथे जमिनीतली बुरशी घटली, कुजणं मंदावलं आणि जमिनीवर न कुजलेला थर साठत गेला. काही शास्त्रज्ञ म्हणतात, बरंच झालं, कर्ब जमिनीत राहिला. राहिला खरा, पण पाचोळ्यात अडकलेलं चुना-स्फुरद झाडाला परत मिळायला उशीर होतो, आणि आपल्यासारख्या कोरड्या रानात जाड पाचोळा म्हणजे वणव्याला सरपण.

रानात युरिया कोण टाकतं, असं विचाराल. टाकत कोणी नाही, तो हवेतून जातो. ४५ किलोच्या पोत्यात जवळजवळ २१ किलो नत्र असतं. काळ्या, चुनखडीच्या जमिनीवर युरिया नुसता वरून फेकला की त्यातला बराच भाग अमोनिया होऊन उडतो. वाहनांचा आणि कोळशाच्या वीजकेंद्रांचा धूर त्यात भर घालतो. हे सगळं पावसासोबत, धुळीसोबत खाली येतं, मग ते शेत असो की रान. पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं म्हणून हात सैल सुटतो, हेही खरंच.

जे उडत नाही ते पाझरतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेट जास्त असलेल्या जिल्ह्यांत बुलडाण्याचं नाव आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने दाट होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात कालवून दिलं तर रक्तातला प्राणवायू कमी होऊन बाळ निळं पडू शकतं. विहिरीचं पाणी तपासून घेण्याचा ठराव गटाने ग्रामपंचायतीकडे द्यावा.

कंपोस्टचं म्हणाल तर पऱ्हाटी, तुराट्या, गव्हाचं काड यांत कर्ब फार, नत्र कमी. एक भाग नत्राला पंचवीस-तीस भाग कर्ब असं जमलं की ढीग नीट कुजतो. ते शेणकाल्याने जमतं, फुलावर येण्याआधीच्या तरोट्याने जमतं. पऱ्हाटी बारीक तोडा आणि जुन्या पाचोळ्याखालची दोन टोपल्या माती मिसळा, बुरशीचं विरजण तिथेच आहे. ढिगाला अमोनियाचा उग्र वास आला तर नत्र जास्त झालं समजा, थोडं काड घालून पालटा. शेतात युरिया द्यायचाच तर ओलीवर, थोडा थोडा, मातीआड करून.

पटत नसेल तर करून पाहा. देऊळगाव राजात बीजोत्पादनाच्या शेडनेटचे फाटके तुकडे कुठेही मिळतील. त्यांच्या तीन पिशव्या शिवा, प्रत्येकीत तोलून पाव किलो सुकी पानं भरा, सगळ्यांत एकाच झाडाची. एकीवर साधं पाणी, दुसरीवर शेणकाला, तिसरीवर मूठभर युरियाचं पाणी. बांधावरच्या लिंबाखाली पाचोळ्यात ठेवा. शास्त्रज्ञही नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांनी असंच मोजतात. पावसाळ्याच्या तोंडाशी सुरुवात करा, दर दोन महिन्यांनी पानं वाळवून तोला आणि आकडे गटाच्या वहीत लिहा. पहिल्या दोन महिन्यांत युरियाची पिशवी पुढे दिसली तरी प्रयोग थांबवू नका. दिवाळीनंतरची तोलणी महत्त्वाची.