हायवेची भाषा

आपल्या तुळजापूरवरून सोलापूर-धुळे हा राष्ट्रीय महामार्ग ५२ जातो. ट्रकचं इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक हे सगळं आपण सिलॅबसमध्ये शिकतो, पण ट्रक चालवणाऱ्यांची भाषा तिथे नाही. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे हे शब्द मी ढाब्यावर विचारून गोळा केले. त्यातले काही तुमच्यासाठी.

बिल्टी : मालाची पावती. कोणाचा माल, कुठून कुठे, किती नग, भाडं किती हे तिच्यावर असतं. बिल्टीशिवाय माल म्हणजे हॉल तिकिटाशिवाय परीक्षा!

रिटर्न भाडं : परतीच्या वाटेसाठी मिळालेला माल. तो नाही मिळाला तर गाडी रिकामी येते, डिझेल आणि टोल मात्र लागतोच. म्हणून ड्रायव्हर परमुलखात दोन-दोन दिवस थांबून राहतो.

ओव्हरलोड : हे काट्यावर, म्हणजे वजनकाट्यावर कळतं. दहा चाकी ट्रकला मालासकट २५ टनांची मर्यादा होती, २०१८ साली ती २८.५ टन झाली.

किन्नर : 'क्लीनर'चा अपभ्रंश. ताडपत्री बांधणं, टायर ठोकून हवा बघणं, रिव्हर्सला "येऊ द्या, येऊ द्या" ओरडणं ही त्याची कामं. पुष्कळ ड्रायव्हर आधी किन्नरच होते. आता खर्च वाचवायला बऱ्याच गाड्या किन्नराशिवाय धावतात. मग रात्री ड्रायव्हरला जागं कोण ठेवणार?

न्यूट्रल : डिझेल वाचवायला काही जण घाट न्यूट्रलमध्ये उतरतात. गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला रोखून धरतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतो आणि पकड कमी होते. तुळजापूरच्या घाटात हे जिवावर बेतू शकतं.

आता नोकरीचं. मालवाहू गाडीच्या लायसन्ससाठी वय किमान २० लागतं, म्हणजे आपल्याच वयाची मुलं! त्याआधी हलक्या वाहनाचं लायसन्स वर्षभर हवं. दिवसाला ८ तास कामाची मर्यादा कायद्याने १९६१ सालीच घातली होती, पण ती पाच किंवा जास्त कामगार असलेल्या मालकांसाठी. एकाच ट्रकच्या मालकाकडे खेपेवर पैसे घेणारा ड्रायव्हर घड्याळ कसलं बघणार? ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला तो ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या गाड्यांना.

इंजिन थंड ठेवायला रेडिएटर मात्र पहिल्यापासून आहे. उद्या आपल्यापैकी कोणी ट्रक डिझाइन करायला बसेल, तेव्हा सीटवरच्या माणसाचाही विचार आधी करा.