बिअर एकीकडे, जेवण दुसरीकडे

बंगळूरला कामानिमित्त निघालेल्या माणसाच्या फोनमध्ये हल्ली दोन याद्या असतात. एक ऑफिसच्या कामांची, दुसरी मित्रांनी धाडलेली ताज्या बिअरच्या ठिकाणांची. पहिली निमूटपणे पाळावी. दुसरीवर मात्र डोळे झाकून विसंबू नये. जिथे बिअर चांगली तिथे जेवणही चांगलं, आणि जिथे गर्दी जास्त तिथे दोन्ही उत्तम, असं ती यादी करणाऱ्यानं धरूनच चाललेलं असतं. प्रत्यक्षात तसं नसतं.

आम्ही गेलो ते शहराच्या टोकाला असलेल्या एका अवाढव्य ब्रूपबमध्ये, म्हणजे बिअर तिथेच तयार करणाऱ्या पबमध्ये. शनिवारची संध्याकाळ, सोबत तिथेच नोकरीला असलेला मावसभाऊ आणि त्याची बायको. सिल्क बोर्डच्या चौकात गाडी इतका वेळ अडकली की वहिनींची एक डुलकी काढून झाली. पोचल्यावर नाव लिहून दाराशी ताटकळत उभं राहिलो. आत डीजेचा असा दणदणाट, की शेजारच्याशी बोलायचं तर कानात ओरडावं लागे. गव्हाची बिअर मागवली. पहिल्या घोटालाच मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा वास आला. वेटरला सांगितलं, तर तो म्हणाला, "सर, हिचा फ्लेवरच असा आहे." नंतर आले नाचोज, बटर चिकनचा पिझ्झा आणि चिली चिकन. हे पदार्थ वाकडच्या किंवा ठाण्याच्या कुठल्याही मॉलमध्ये मिळाले असते. पोट भरेल असं काही मागवेपर्यंत किचन बंद झालं होतं. बिल आलं, त्यात सर्व्हिस चार्ज न विचारता लावलेला.

आता त्या लोण्याच्या वासाबद्दल. तो फ्लेवर नव्हे, दोष आहे. यीस्ट साखरेचं मद्य करतं तेव्हा डायअॅसिटिल नावाचा पदार्थही तयार होतो. बिअरला आणखी काही दिवस मुरू दिलं, तर तेच यीस्ट तो पुन्हा शोषून घेतं. मागणी वाढली म्हणून घाई केली किंवा नळाच्या नळ्या नीट धुतल्या नाहीत, की तो वास ग्लासात येतो. काही जड ब्रिटिश बिअरमध्ये तो किंचित चालतो, गव्हाच्या बिअरमध्ये अजिबात नाही. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास हवा. त्यासाठी तिच्यात केळं किंवा लवंग घालत नाहीत. तीही यीस्टचीच करामत. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये मात्र संत्र्याची साल आणि धने खरोखर घालतात. वेटर दोन्हींना 'व्हीट बिअर'च म्हणेल, तेव्हा कोणती ते विचारून घ्या.

असे आणखी दोन-चार वास ओळखता आले तर पैसे वाचतात. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर कच्ची आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे शिळी झाली. आंबट बिअर म्हणून न विकलेल्या बिअरला व्हिनेगरसारखी आंबट झाक आली, तर कुठेतरी स्वच्छता राहिली आहे. गढूळपणाला मात्र घाबरू नका; गव्हाची बिअर न गाळताच देतात. ग्लासाकडेही बघा. आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही. स्वच्छ ग्लासात दर घोटानंतर फेसाचं एकेक कडं मागे राहतं. आणि बर्फात घालून ठेवलेला ग्लास देऊ लागले तर नको म्हणा. फार गार बिअरमध्ये वास दबतात, चांगलेही आणि वाईटही.

म्हणून पिचर मागवण्याची घाई करू नये. बहुतेक ब्रूपबमध्ये छोट्या ग्लासांचा सॅम्पलर मिळतो. तो आधी घ्यावा आणि हलक्यापासून जडाकडे जावं: आधी गव्हाची, मग कडवट आयपीए, शेवटी भाजलेल्या बार्लीची काळी स्टाउट. स्टाउटनं सुरुवात केली तर पुढचं सगळं पाणचट लागतं. मधूनमधून साधं पाणी प्यावं. 'यातली कालपरवा सुरू केलेली कोणती?' हा प्रश्न वेटरला नव्हे, नळामागच्या माणसाला विचारावा. ज्याला आपल्या बिअरची माहिती असते तो खुशीनं सांगतो. जो आधी 'सर, ही सगळ्यात जास्त चालते' म्हणतो, त्याच्याकडे सॅम्पलरवरच थांबावं.

पुण्यात डूलाली या ब्रूपबनं 2009 मध्ये सुरुवात केली. पाठोपाठ 2010 मध्ये बंगळूरच्या इंदिरानगरात टॉइट उघडलं. 2012 मध्ये मिशिगनमधल्या अॅन आर्बर गावच्या ब्रुअरीशी नातं सांगणारी आर्बर ब्रुइंग कंपनी मॅग्रथ रोडवर आली. बंगळूरची ही जुनी ठिकाणं अजून पाहण्यासारखी आहेत, पण वार आणि वेळ पाहून जावं. मंगळवारी किंवा बुधवारी, पाच-साडेपाचला. त्या वेळी जागा मिळते, बोलता येतं आणि पुष्कळ ठिकाणी हॅपी अवर्सही असतात. मेट्रोची जांभळी मार्गिका 2023 पासून थेट व्हाइटफील्डपर्यंत धावते. इंदिरानगर आणि एम. जी. रोड ही स्टेशनं तिच्यावरच आहेत. सिल्क बोर्डचा चौक ज्यांना लखलाभ त्यांना लखलाभ. मतदान आटोपेपर्यंतचे 48 तास आणि 2 ऑक्टोबर हे ड्राय डे तेवढे कॅलेंडरवर पाहून ठेवा.

जेवण मात्र दुसरीकडे, आणि इथे मराठी माणसाला जवळची वाटेल अशी गोष्ट आहे. बंगळूरची जुनी 'मिलिटरी हॉटेलं', म्हणजे सामिष खानावळी, यांतली कित्येक मराठा कुटुंबांनी काढलेली आहेत. 1638 च्या सुमारास विजापूरकरांनी हे शहर घेतलं आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून दिलं, तेव्हापासून मराठ्यांचा इथे वावर. जयनगरचं शिवाजी मिलिटरी हॉटेल 1935 पासूनचं. तिथे दोन्ने बिर्याणी खावी: पानांच्या द्रोणात वाढलेली, बारीक आखूड तांदळाची, कोथिंबीर-पुदिना-हिरव्या मिरचीच्या वाटणानं हिरवट झालेली. केशर नाही, तळलेल्या कांद्याचा थाट नाही, मसाला थेट भातात मुरलेला. अशी हॉटेलं दिवसाची असतात. दुपार कलली की पातेली रिकामी होतात, त्यामुळे बाराच्या सुमारास पोचलेलं बरं. शाकाहारी मंडळींनी बसवनगुडीत गांधी बाजारातल्या विद्यार्थी भवनचा डोसा खावा. ते 1943 पासून चालू आहे आणि शुक्रवारी बंद असतं. बिअरनंतर भूक लागलीच तर रेसिडेन्सी रोडवरच्या नागार्जुनात केळीच्या पानावर आंध्र पद्धतीचं जेवण मिळतं. ब्रूपबमध्ये शेंगदाणे, फ्राइज एवढ्या चखण्यावर भागवा.

बिल आलं की वाचा. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. तो सक्तीनं लावता येणार नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. आवाज न चढवता 'काढून द्या' म्हटलं की बहुतेक ठिकाणी काढतात. वेटरला द्यायचं ते त्याच्या हातात द्या. मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर आहे, तेव्हा बिअरच्या रकमेवर जीएसटी दिसला तर विचारा.

आणि गाडी हॉटेलवरच ठेवा. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्य सापडलं, तर पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. 'दोनच ग्लास घेतले' हा बचाव तिथे चालत नाही.

बंगळूरला एकच मोकळा दिवस मिळत असेल तर दुपारी जयनगरला जेवा, थोडी झोप काढा, संध्याकाळी मेट्रोनं इंदिरानगरला जा आणि आधी सॅम्पलर मागवा. शनिवारी रात्री मात्र घरी थांबा.