पाना फिरत राहिला

नोटिशीत एकच ओळ होती : ‘आपल्या निष्काळजीपणामुळे इयत्ता आठवीच्या विद्यार्थिनीस दुखापत झाली, याबाबत दोन दिवसांत लेखी खुलासा करावा.’ खुलासा मी दिला. त्यात जे मावलं नाही ते इथे लिहितोय.

पॅरिस ऑलिम्पिक संपून महिना झाला नव्हता. संस्थेच्या अध्यक्षांनी बोलावून मोबाइलवर तिथल्या भिंत चढण्याच्या स्पर्धेची क्लिप दाखवली. १५ मीटरची भिंत आणि पाच सेकंदांच्या आत माणूस वर. ‘सर, आपल्या पोरांना हे पाहिजे.’ मी म्हटलं, पाहिजेच. आणि ते मनापासून म्हटलं होतं. २०१६ साली नवी मुंबईत गिरिविहार या गिर्यारोहण संस्थेच्या मंडळींनी बोल्डरिंगचा वर्ल्ड कप भरवला, तेव्हा धुळ्याहून रात्रीच्या एसटीने जाऊन मी तो बघून आलो होतो. तिथे पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती ही, की भिंती फार उंच नव्हत्या. दोर नव्हताच. दोन मजलेही नाहीत एवढी उंची आणि खाली जाडजूड गाद्या, एकमेकींना अगदी चिकटून. जगातले पट्टीचे चढणारे तेवढ्यात घामाघूम होत होते. अवघडपणा उंचीत नसतो, पकडीत असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

म्हणून मी सुचवलं, आडवी भिंत करू. आठ फूट उंच, चाळीस फूट लांब. पोरांनी वर नाही, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. जमिनीपासून तीन फुटांवर लाल रेघ मारायची आणि पाय रेघेच्या वर न्यायचा नाही. एका वेळी पाच-सहा जण चढतात, दोर लागत नाही, पडलं तरी तीन फुटांवरून. कितीतरी देशांत शाळांमध्ये हेच करतात.

अध्यक्षांनी विचारलं, ‘आडवी? ती आग्रा रोडवरून दिसेल का?’

नाही दिसणार. विषय संपला. इमारतीच्या पश्चिमेच्या भिंतीवर चोवीस फुटी मनोरा ठरला. मी बैठकीत तीन हरकती घेतल्या, तिन्ही तोंडी. इतिवृत्तात फक्त ‘सर्वांनी आनंद व्यक्त केला’ एवढंच आलं. क्रीडाशिक्षकांनो, आधी हे वाचा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल : हरकत लेखी द्या, आवक नंबर घ्या, झेरॉक्स घरी ठेवा. शाळेतल्या कपाटात नको.

हरकतींमध्ये एक साधा हिशेब होता. वर्गात ६२ मुलं, तास ३५ मिनिटांचा. हजेरी आणि अंगठ्या, कडी, गंडेदोरे, गळ्यातले ताईत काढून घेण्यात पाच-सहा मिनिटं जातात. (ते काढायचेच. अंगठी खाचेत अडकून पोर घसरलं तर बोटाचं कातडं सोलून निघतं. पालक ताईतावरून भांडतात, भांडू द्यावं.) उरलेल्या वेळात हार्नेस बांधणं, गाठ तपासणं, चढणं, उतरणं, प्रत्येकी चार मिनिटं धरा. दोर दोन होते, पण दुसरा दोर धरायला शिकलेला माणूस नव्हता. म्हणजे तासाला सात मुलं. एकाचा नंबर पुन्हा यायला नऊ तास. बाकीची पंचावन्न मुलं तोवर उन्हात उभी, आणि उभी राहिलेली आठवीची मुलं काय करतात ते मी सांगायला नको.

उद्घाटनाच्या भाषणात पाहुण्यांनी तानाजी आणि घोरपड आणली. आणणारच. नारळ थेट भिंतीच्या होल्डवर, म्हणजे हाता-पायाच्या पकडीच्या तुकड्यावर फोडला, पाणी प्लायवूडमध्ये मुरलं. ठेकेदार दोन दिवसांचं प्रशिक्षण देणार होता. त्याचा माणूस आला, अर्धा तास थांबला, चहा घेतला आणि एक हार्नेस उलटा घालून दाखवला.

पहिले दोन महिने मी दोराचं काम बंदच ठेवलं. पोरांना खालच्या सहा-सात फुटांतच आडवं फिरवलं. त्यातही शिकण्यासारखं बरंच निघालं. आमच्याकडे मल्लखांब जुना आहे. तिकडची पोरं खांबावरून उतरून थेट भिंतीला भिडायची, तळहात एरंडेलाने माखलेले. दोन दिवसांत सगळे होल्ड गुळगुळीत. मल्लखांब आणि भिंत एका दिवशी ठेवू नका, ठेवलीत तर मधे साबणाने हात धुवून घ्या. दुसरं म्हणजे पश्चिमेचं ऊन. धुळ्याच्या देवपूरचा एप्रिल ज्याला माहीत आहे तो दुपारी चारला त्या भिंतीला हात लावणार नाही. दोर तर उन्हात लटकत ठेवायचाच नाही, ऊन नायलॉनला कमजोर करतं आणि वरून काही दिसत नाही. मी रोज काढून ठेवायचो. फोटोसाठी तो रोज पुन्हा लावला जायचा.

आमचा रात्रीचा वॉचमन एकदा म्हणाला, ‘सर, हाई भित रातले बोलस.’ मी हसलो. दिवसभर तापलेलं लाकूड रात्री निवतं, करकरतं, असं त्याला समजावून सांगितलं. समजावण्यात आम्ही मास्तर पटाईत.

पोरगी पडली ती जेमतेम पाच फुटांवरून. हिरवा होल्ड तिच्या हातात गर्रकन फिरला, ती एका अंगाने आली आणि हात नेमका दोन गाद्यांच्या फटीत. मनगट मोडलं. गाद्या आमच्या जिमखान्यातल्याच, चार इंची. नव्या गाद्या ‘पुढच्या बजेटात’ होत्या. हाडांच्या दवाखान्यात तिची आई मला एवढंच म्हणाली, ‘सर, तुमनी काय चूक?’ तक्रार तिने केलीच नाही. नोटीस काढली ती शाळेने, तिने तक्रार करण्याच्या आत.

त्याच संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी षटकोनी पाना घेऊन भिंतीजवळ गेलो. तो हिरवा होल्ड दर सोमवारी मी स्वतः आवळत होतो, रजिस्टरात सही आहे. दर सोमवारी पाना पाव फेरा फिरायचा. मला वाटायचं, लाकूड सुकतंय, बोल्ट सैल होतोय, बरं झालं आवळला. त्या संध्याकाळी थांबलो नाही, फिरवतच राहिलो. एक फेरा. तीन. सात. पाना फिरतोय, बोल्ट फिरतोय, आणि फळीच्या मागून बारीक खरखर येतेय. मागचा नटही सोबत फिरत होता. नऊ सोमवार मी काहीही आवळलं नव्हतं.

मी खाली बसलो. वॉचमनचं वाक्य तेव्हा आठवलं.

भिंतीत होल्ड बसवताना फळीच्या मागे टी-नट असतो. त्याची चकती स्क्रूने फळीत जखडली की तो फिरत नाही. आमच्याकडे तो नुसता हातोडीने ठोकला होता. आणि मागे जाऊन बघायला वाट नाही, कारण सांगाडा इमारतीला चिकटवून उभा केलेला. शिवाय होल्ड फिरू नये म्हणून मुख्य बोल्टच्या शेजारी एक छोटा स्क्रू मारतात. त्याची भोकं सगळ्या होल्डना होती, स्क्रू एकालाही नव्हता. रात्री नऊपर्यंत मी ११८ होल्ड तपासले. एकतीस फिरत होते.

ठेकेदाराला फोन केला. त्याचा पहिला प्रश्न : ‘मुलगी किती किलोची होती?’ मी पुन्हा विचारलं, काय म्हणालात? तो म्हणाला, ‘सर, वजन जास्त असलं की असं होतं.’ त्रेचाळीस किलो हो! आणि वॉरंटी होल्डची होती, बसवणुकीची नव्हती, हेही त्याने मला त्याच फोनवर शांतपणे सांगितलं. बिल मात्र बसवणुकीचंच मोठं होतं.

तेव्हा भिंत ताब्यात घेण्याआधी सांगाड्यामागे माणूस शिरेल एवढी जागा मागा. आत जाऊन टॉर्चने नट बघा. जो बोल्ट दोन आठवडे लागोपाठ फेरा घेतो, तो होल्ड त्याच दिवशी उतरवा. ‘पुढच्या सोमवारी बघू’ म्हणू नका. गाद्यांच्या फटी झाकल्या गेल्या पाहिजेत, वर एक सलग कव्हर चढवलं तरी चालतं, आणि गादी भिंतीपासून दोन-अडीच मीटर बाहेर यायला हवी. मधल्या सुट्टीत खालचे आठ फूट झाकणारं कुलूपबंद फाटक हवं. दोराचं काम शिकायचंच असेल तर चांगल्या गिर्यारोहण संस्थेत जाऊन शिका, ठेकेदाराच्या माणसाकडून नको. बाकी नेहमीचं : मुलांवर लक्ष ठेवा, प्रथमोपचार पेटी जवळ ठेवा, पालकांचं संमतिपत्र घ्या. संमतिपत्राने मनगट वाचत नाही, नोकरी कदाचित वाचते.

एक गोष्ट मात्र राहून राहून मनात येते. १९६४ साली इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात डॉन रॉबिन्सन नावाच्या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकाने तिथल्या कॉरिडॉरच्या विटांच्या भिंतीत दगडाचे तुकडे बसवले. आजच्या भिंतींच्या पूर्वजांत त्याची भिंत मोजतात. म्हणजे माणूस आमच्याच पेशाचा. कॉरिडॉर कुठल्याही रस्त्यावरून दिसत नसणार.

आमची भिंत आता बंद आहे. वरच्या दोन अँकरांना ‘प्रवेश सुरू’चा फ्लेक्स बांधलाय. पावसाळ्यातल्या वाऱ्यातही तो हलला नाही, अँकर तेवढे पक्के निघाले. खुलाशाचं पुढे काय झालं ते मला कोणी सांगितलेलं नाही. परवा शिपायाने टेबलावर एक कागद आणून ठेवला. झिपलाइनचं कोटेशन, वर पेन्सिलीने लिहिलेलं : ‘क्रीडाशिक्षकांचा अभिप्राय घ्यावा.’ मी दीड पान अभिप्राय लिहिला, ऑफिसात जाऊन आवक नंबर घेतला आणि घरी जाताना कोपऱ्यावर दोन झेरॉक्स काढल्या.