सोडियम व कॅल्शियम : पूर्णाकांठच्या जमिनीचे दोन धातु

अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर या बाजूंस पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी जमीन खारवट व चिबड कां होते, याचें उत्तर दोन धातूंच्या स्वभावांत आहे. वाचकांनीं पाटीवर दोन वर्तुळें अशीं काढावीं कीं, त्यांचा थोडा भाग एकमेकांवर येईल. डावीकडे सोडियमचे गुण, उजवीकडे कॅल्शियमचे, व मधल्या सामाईक भागांत दोघांचे लिहावे.

मधला भाग प्रथम भरूं. दोन्ही धातु रुपेरी, दोन्ही पाण्यांतून हायड्रोजन वायु सोडविणारे. निसर्गांत सुटे कधींच सांपडत नाहींत. हंफ्री डेव्ही यानें विजेच्या साहाय्यानें सोडियम १८०७ सालीं व कॅल्शियम १८०८ सालीं वेगळें केलें.

डावीकडे लिहावें : सुरीनें कापतां येतें, पाण्यावर तरंगतें, ९८ अंशांस वितळतें, मीठ, धुण्याचा सोडा इत्यादि त्याचे क्षार पाण्यांत सहज विरघळतात, विद्युद्भार एक. उजवीकडे : पाण्यांत बुडतें, ८४२ अंशांस वितळतें, चुनखडी जवळजवळ विरघळत नाहीं, जिप्सम लिटरास दोन-अडीच ग्रॅम विरघळतो, विद्युद्भार दोन.

शेतकऱ्यास महत्त्वाची आहे ती ही शेवटची ओळ. चिकण मातीच्या कणांवर ऋण विद्युद्भार असतो. कॅल्शियम आपल्या दुहेरी भारानें ते कण जवळ धरून ठेवतें, माती रवाळ राहते, पाणी खालीं मुरतें. सोडियमची पकड ढिली. त्याच्याभोंवतीं पाणी जमतें आणि कण एकमेकांपासून सुटतात. मग पावसांत पाय रुततो, आणि उघडीप पडली कीं वखराची पास शिरत नाहीं. खाऱ्या विहिरीचें पाणी हरभऱ्यास देणारा गृहस्थ हेंच सोडियम स्वहस्तें शेतांत भरीत असतो.

येथें कोणी विचारील, "आमच्या रानांत चुनखडीचे खडे हवे तितके आहेत, मग कॅल्शियमची उणीव कसली?" उणीव नाहीं, पण तें कुलुपांत आहे. विम्ल जमिनींत चुनखडी फारच थोडी विरघळते. म्हणून जिप्सम घालावयाचा. त्यांतील कॅल्शियम सोडियमची जागा घेतें, व सुटलेलें सोडियम सल्फेट होऊन पावसाच्या पाण्यांत उतरतें. तें पाणी शेताबाहेर गेलें पाहिजे. आमच्या मतें चर आधीं खणावा, पोतीं मागाहून आणावीं. चराविना सोडियम जेथल्या तेथेंच राहतें आणि पैसा मात्र जातो.

परीक्षा सोपी आहे. वीतभर खोलीवरचें वाळलेलें ढेकूळ कांचेच्या पेल्यांतील पावसाच्या पाण्यांत अलगद सोडावें आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हालवूं नये. ढेकूळ फुटूनही पाणी निवळ राहिलें तर कॅल्शियमचा जोर आहे. भोंवतीं दुधासारखा गढूळपणा पसरला तर सोडियमचा समजावा, व माती तपासून घ्यावी. अकोल्यास १९६९ सालीं स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानें या खाऱ्या जमिनींचा अभ्यास केलेला आहे. एकरीं जिप्सम किती, हें तपासणीच्या आंकड्यांवरून ठरवावें. शेजाऱ्यानें किती घातला यावरून नव्हे.