‘सोपी’ म्हणजे किती सोपी?

पावतीवर आकडा होता फॅट ३५. गाईच्या दुधाची! गाईच्या दुधाला फॅट साधारण साडेतीन-चार लागते. पस्तीस म्हणजे दूध नव्हे, मलई झाली. आमच्या स्क्रीनने मात्र तो आकडा निमूट घेतला, सूत्राने भाव काढला आणि पावती छापून सभासदाच्या हातात दिली.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावच्या दूध संस्थेसाठी आम्ही संकलनाचं सॉफ्टवेअर केलं होतं. गरजा लिहून काढायचं काम माझं. मी गेलो दुपारी दोन वाजता. केंद्र धुऊन-पुसून रिकामं, सचिव निवांत. चहा घेता घेता विचारलं, “स्क्रीन कशी हवी?” ते म्हणाले, “सोपी पाहिजे साहेब, आणि फास्ट.” मी लिहिलं : ‘स्क्रीन वापरायला सोपी व जलद असावी. चुकीची माहिती स्वीकारू नये.’ खाली दोघांच्या सह्या झाल्या.

पहिल्याच पहाटे रांग रस्त्यापर्यंत गेली. सभासदाचं नाव यादीतून माउसने निवडायचं, गाय की म्हैस तेही माउसने. पावती काढणाऱ्या पोराचे हात दुधाने ओले. सचिव म्हणाले, “सोपी म्हटलं होतं ना?” मी म्हणालो, “सोपीच आहे की!” आम्ही दोघंही खरं बोलत होतो, आणि खोटं कोण हे ठरवायला त्या कागदात काहीच नव्हतं. बिल अडकलं. अर्धी स्क्रीन पदरमोड करून पुन्हा लिहिली.

त्याआधी मात्र तीन दिवस पहाटे साडेपाचला जाऊन केंद्राच्या कोपऱ्यात उभा राहिलो. कुणालाही नाव लागत नव्हतं, सगळा व्यवहार कोड नंबरावर. पोराचा डावा हात मापावर, त्यामुळे उजवाच मोकळा. आणि पस्तीसचं कोडं जुन्या वहीत सुटलं : तिथे टिंब द्यायची पद्धतच नव्हती. साडेतीन फॅट म्हणजे ‘३५’ असंच वर्षानुवर्षं लिहिलं जात होतं. हे मला कुणी सांगितलं नाही, कारण त्यांच्या लेखी ते सांगण्यासारखं नव्हतंच. मग ‘चुकीची माहिती’ म्हणजे काय, हे मी कुणाला विचारून लिहिलं होतं?

दुसरा कागद असा झाला :

‘कोड, लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट वगळून दुधातले घन घटक) या चारही नोंदी माउसला हात न लावता, फक्त आकड्यांच्या कळांनी पूर्ण व्हाव्यात.’

‘फॅटच्या रकान्यात ३५ टाकल्यास पडद्यावर ३.५ दिसावं.’

‘गाईच्या दुधाची फॅट ६.० पेक्षा जास्त असल्यास पावती छापू नये. “फॅट पुन्हा तपासा” असं दिसावं आणि कर्सर त्याच रकान्यात राहावा.’

‘शेवटची नोंद करून एंटर दाबल्यावर एका सेकंदात रक्कम दिसावी.’

यात खल करायला जागा नाही. ६.० टाका, पावती यायला हवी, ६.१ टाका, थांबायला हवी. तपासणाऱ्याला मला फोन करावा लागत नाही. एक सेकंदही मनाचा नाही : तेवढ्यात उत्तर आलं तर माणसाच्या विचाराची साखळी तुटत नाही, असं वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांनी १९९३ सालीच मांडून ठेवलंय. ‘अक्षरं ठळक असावीत’ याऐवजीही आता मी लिहितो, की मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ : १ असावं. वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतला हा आकडा साध्या साधनाने मोजता येतो.

‘सोपी’ला तर आम्ही परीक्षाच लावली : केंद्रावरच्या पाच जणांना पंधरा मिनिटं शिकवायचं, मग प्रत्येकाने कुणाला न विचारता दहा पावत्या काढायच्या, दहाही बरोबर.

या कामात नव्याने पडणाऱ्यांना एवढंच सांगेन. आपल्या कागदावर सोपी, जलद, सुटसुटीत, योग्य, शक्यतो, इत्यादी असे शब्द दिसले की लाल गोल करा. प्रत्येक वाक्याला विचारा, ‘हे झालं नाही, हे कशावरून कळेल?’ उत्तर नसेल, तर ती गरज नाही, नुसती इच्छा आहे. वाक्य ‘असं असताना, असं केलं, की असं दिसावं’ या साच्यात बसवून बघा. नीट चाललेल्या व्यवहाराबरोबर अडलेलाही लिहा : मधेच वीज गेली तर अर्धवट नोंदीचं काय? पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. ‘उजवीकडे हिरवं बटण हवं’ ही गरज नव्हे, तो एक उपाय झाला. गरज होती माउसशिवाय काम होण्याची.

आणि सही घेण्याआधी, जिथे ती स्क्रीन चालणार आहे तिथे, ती चालण्याच्या वेळी जाऊन उभे राहा. मी दुपारी दोनला गेलो होतो. दूध पहाटे येतं.