ओव्हरटाइम

वाशीम जिल्ह्यातील कारंजा हे गाव कापसाच्या व्यापारासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. हंगामात कापसाच्या गाड्या येऊ लागल्या, की जिनातील कामगारांना ठरलेल्या वेळेनंतरही थांबावे लागते. अशा कामास ‘ओव्हरटाइम’ म्हणतात.

हा शब्द मूळ इंग्रजी. मराठीत त्यास ‘जादा काम’ म्हणतात. सरकारी कागदपत्रांत त्याच्या मोबदल्यास ‘अतिकालिक भत्ता’ असे नाव आहे. ‘त्याने ओव्हरटाइम केला’ या वाक्यात हा शब्द काम दर्शवितो. ‘त्याला ओव्हरटाइम मिळाला’ या वाक्यात तो मोबदला दर्शवितो.

हा दुसरा अर्थ सहज लाभलेला नाही. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या ज्या गिरण्यांत जाई, तेथे मजूर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यांची संघटना उभारली. १८९० साली रविवारची सुटी मिळाली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि त्यापुढील कामास दुप्पट मजुरी ठरविली. समजा, ताशी मजुरी ५० रुपये आहे. तर २ जादा तासांचे २०० रुपये होतात.

जादा काम करून घेतले, पण मोबदला दिला नाही, तर त्यास ओव्हरटाइम म्हणता येणार नाही. त्यासाठी मराठीत ‘वेठ’ हा जुना शब्द आहे.