कुजणारे जाळे घेण्याआधी : धाग्यातले स्फटिक समजून घेऊया



नायलॉनचे जाळे खडकात अडकून तुटले की आपला पैसा जातोच, शिवाय ते तळाशी पडून मासे आणि कुर्ल्या मारत राहते. यावर उपाय म्हणून दक्षिण कोरियात पीबीएस या कुजणाऱ्या पॉलिएस्टरची जाळी आली. त्यात थोडे पीबीएटी मिसळतात. नॉर्वेत अशा गिलनेटच्या चाचण्या झाल्या, तेव्हा कॉड मासा नायलॉनपेक्षा कमी लागला. धाग्याची ताकद आणि ताण वेगळा, हे त्याचे एक कारण.

ही ताकद येते कुठून? मिठागर आठवा. पाणी सावकाश आटले की मिठाचे खडे मोठे होतात. पॉलिएस्टरचेही तसेच. वितळलेला धागा थंड होताना त्यातल्या लांब साखळ्या ओळीने बसतात, त्यांना स्फटिक म्हणतात. झटकन थंड केला तर स्फटिक कमी बनतात. मग धागा ताणून, बेताची उष्णता देऊन ते वाढवतात. स्फटिक वाढले की धागा मजबूत होतो, पण जिवाणू आधी स्फटिक नसलेला भाग खातात. म्हणजे ताकद वाढली की कुजणे लांबते. पार अति झाले तर धागा ठिसूळ.

उत्प्रेरकाचाही यात हात असतो. पॉलिएस्टर बनवताना टायटॅनियम किंवा कथलाची संयुगे वापरतात. ती मालात जास्त उरली तर पुन्हा तापवताना साखळ्या तुटतात, धागा कमजोर होतो. कधी हेच उरलेले कण स्फटिकांचे बी ठरतात.

आपल्या कामाची गोष्ट ही की नायलॉन सुमारे २२० अंशांना वितळते, पीबीएस सुमारे ११५ अंशांनाच. गाठी पक्क्या करताना नायलॉनच्या हिशेबाने उष्णता दिली तर हा धागा आकसतो, ताकद घालवतो. इंजिनाच्या गरम पाइपाजवळही असे जाळे ठेवू नका.

उद्या कोणी ‘कुजणारे जाळे’ विकायला आला, तर चार गोष्टी विचारा:

१. धागा नेमका कशाचा? पीएलए समुद्राच्या थंड पाण्यात लवकर कुजत नाही.
२. गाठी किती अंशांवर पक्क्या केल्या?
३. ओल्या गाठीची ताकद किती?
४. समुद्राच्या पाण्यात कुजायला किती काळ लागतो, आणि ते कुठे तपासले?

उत्तरे लेखी घ्या. आधी एक-दोन जाळी वापरून बघा, मगच सगळी बदला.